धोबीतलावचा इराणी

बदलीमुळे २००७ साली मुंबई सुटली आणि नांदेडला बिऱ्हाड केलं. सहा डिसेंबरला दरवर्षी येणं होई. पण चैत्यभूमीवर अभिवादन करून दादरहूनच परतीची गाडी धरायची. त्यामुळे धोबीतलावच्या कयानी हॉटेलात अठरा वर्षं पाऊल पडलं नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी फोर्टात आलो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी केली.

मेट्रो सिनेमासमोर जेर महाल इमारतीत हे इराण्याचं हॉटेल १९०४ पासून आहे. गरिबी आणि धर्माच्या नावाखाली होणारा छळ यांना कंटाळून इराणातल्या यझ्द, केरमान भागांतले झरथुष्ट्री लोक मुंबईत आले. त्यांनी नाक्यानाक्यावर अशी हॉटेलं काढली. गिरणीकामगार, टॅक्सीवाले, कारकून, विद्यार्थी अशा सगळ्यांचा तो आसरा होता. आज त्यांतली बहुतेक बंद पडली आहेत.

मी फोर्टातल्या आनंद भवनात, सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालयात शिकत होतो. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली ते सुरू केलं. आमचे आप्पा जवळच एका कचेरीत शिपाई होते. पगाराच्या दिवशी ते मला कयानीत आणत. दोघांत एक ब्रून मस्का आणि दोन चहा. माझ्या लेखी तीच चैन!

आप्पांची एक खोड होती. चहा संपला की ते कपबशी उचलून उभे राहत. पोऱ्या धावत येई, "चाचा, रहने दो." आजूबाजूचे बघत. मला फार लाज वाटे. एकदा बाहेर आल्यावर मी चिडून बोललो.

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गावच्या हॉटेलात आपला कप वेगळा असायचा, वळचणीला ठेवलेला. त्यात वरून चहा ओतायचे. पिऊन झाला की आपणच विसळायचा आणि परत तिथंच ठेवायचा. मुंबईत आलो तेव्हा इराण्यानं 'काय घेणार?' एवढंच विचारलं. 'कोण?' हे विचारलं नाही. पण हात अजून विसरत नाही रे."

आप्पा मुंबईत आले १९६६ साली. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला होता, पण गावच्या वळचणीचा कप जागेवरच होता. पुढे मी राज्यघटनेचं कलम १५ वाचलं. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत जाण्यास कोणालाही जातीवरून मज्जाव करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. हॉटेलासारखी किरकोळ गोष्ट घटनेत कशाला, असं एखाद्याला वाटेल. वळचणीचा कप ज्यानं विसळला, त्याला तसं वाटणार नाही.

आता आप्पा नाहीत. हॉटेल मात्र ओळखीचं वाटलं. लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ, काळ्या लाकडी खुर्च्या, काचेच्या कपाटातले मावा केक आणि खारी. दर अर्थातच वाढलेले. बाजूच्या टेबलावर पाहुणे मंडळी फोटो काढत होती. ब्रून पूर्वीइतकाच कडक. माझे दात मात्र पूर्वीचे राहिले नाहीत.

मुलीनं चहा संपवला, कप तसाच टेबलावर ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि "चला पप्पा" म्हणत बाहेरही पडली. मागे वळून पाहिलं नाही. मीच घटकाभर त्या कपाकडे बघत राहिलो. आप्पांना हे बघायला मिळायला हवं होतं.

परतीच्या गाडीत तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलं?"

वाचकहो, प्रश्न रास्त होता. आपल्या प्रत्येकाच्या घरी असा एखादा वळचणीचा कप असेल. थोरली माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या, आणि मुलांना सांगा.