टोपलीखालची चतकोर

महापे,
रविवार, रात्र

ती. ताईस,

परवा फोनवर तू म्हणालीस, "तुझं बघून मीपण गुरुवारपासून सुरू करते. सकाळचं बंद, एकदम दुपारी जेवायचं." मी तेव्हा मिलेनियम बिझनेस पार्कच्या बाहेर टपरीपाशी उभा होतो. कढईत वड्यांचा नवा घाणा सोडला होता आणि माझं अर्धं लक्ष तिकडे होतं. "बरं बरं" म्हणून मोकळा झालो. ऑफिसात जाऊन बसल्यावर कळलं, बरं म्हणायला नको होतं. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला मधेच तोडतेस, कागदावर ते जमायचं नाही.

आधी महत्त्वाचं. तुझी साखरेची गोळी चालू आहे. गोळी घेतली आणि पोट रिकामं ठेवलं तर काही गोळ्यांनी साखर एकदम खाली जाते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याला भूक समजून सोसत बसायचं नसतं, लगेच साखर खायची असते. तेव्हा डॉक्टरांना विचारून गोळीचं ठरवल्याशिवाय एकही जेवण टाळू नकोस. गुरुवार काय, पुढच्या आठवड्यातही येतो.

आता माझं. होळीला मी दुसरी पुरणपोळी नको म्हणालो तेव्हा आई काही बोलली नाही, नुसती तव्याकडे तोंड करून बसली. बोललीस तू. "आजीनं खडी फोडली ती तुझ्या ताटात पोळी पडावी म्हणून. आणि तू ती नको म्हणतोस." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. गेले पाच महिने ते वाक्य माझ्याबरोबर ऑफिसला येतंय.

आजीचा दुष्काळ आपण ऐकूनच मोठे झालो. बहात्तर साल. आपल्या करमाळ्याच्या बाजूच्या विहिरींतली माती वाळून भेगाळली होती, असं ती सांगायची. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, हा आकडा मी खूप नंतर वाचला. आपल्याला त्यातली एकच माहीत होती. रस्त्याच्या कामावर दिवसभर खडी फोडायची, पोरांना सुकडी मिळायची, आणि रात्री परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी. त्या भाकरीचं वर्णन आजी कधी करायची नाही, फक्त तोंड वाकडं करायची.

पण तुला तिची टोपली आठवते? घरात सगळं भरलेलं असायचं, तरी रात्री भांडी आवरताना ती चतकोर भाकरी टोपलीखाली झाकून ठेवायची. ती कुणी खायची नाही. सकाळी गाईला जायची आणि रात्री पुन्हा नवी चतकोर. आपण हसायचो. "आजी, आता कुठला दुष्काळ?" तर म्हणायची, "असू दे. झोप लागते."

मला वाटायचं ती भुकेला भिते. वजन उतरवण्याच्या या सात महिन्यांत माझं मत बदललं, ते कसं ते सांगतो.

आई विचारते, "तू कुठं जाड आहेस?" हातपाय बघितले तर नाहीच. सगळं पोटावर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं त्यांनी तपासली, तेव्हा ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी निघाली. मांस कमी, पण चरबी मात्र त्यामानाने राखलेली. मी वाचलं आणि मला आजीची टोपली दिसली. आपल्याकडचं बाळ आईच्या पोटातसुद्धा चतकोर झाकून ठेवतं म्हणायचं! अशा अंगावर माझे अठ्ठ्याऐंशी किलो म्हणजे काय, हे डॉक्टरांनी मला रक्ताच्या रिपोर्टवर बोट ठेवून दाखवलं.

आणि महापेत भूक लागायला सवडच मिळत नाही गं. एमआयडीसीचा हा पट्टा, मागे पारसिकचा डोंगर, एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता, दुसरीकडे शिळफाट्याकडे जाणारे ट्रेलर. मधे हजारो माणसं पाळ्यांमध्ये काम करणारी, त्यामुळे चोवीस तास कुठली ना कुठली शेगडी पेटलेली. सकाळी पोहे-उपमा, दुपारी राइस प्लेट, चारला वडापाव, रात्री भुर्जी-पाव आणि चायनीजची गाडी. वर ऑफिसात रोज कुणाचा तरी वाढदिवस. एक ते दहा अशा माझ्या पाळीत मी मोजून बघितलं, भूक लागली म्हणून खाल्लं असं दिवसात एकदाच व्हायचं. बाकी सगळं समोर आलं म्हणून, कुणी हात धरला म्हणून, किंवा कॉलवर समोरचा माणूस बोलायचा थांबत नाही म्हणून.

त्यावर जानेवारीत मी जो उपाय केला तो ऐक. दिवसाला बाराशे कॅलरी, बास. उत्साह असा की लिंबूपाण्याचीही नोंद. चौथ्या दिवसापासून रात्री अंथरुणात पडून मी मोबाइलवर मटणाच्या रश्श्याचे व्हिडिओ बघायला लागलो. ज्याला चहासुद्धा धड करता येत नाही तो मी, काळ्या मसाल्यात दगडफूल किती घालायचं ते पाठ म्हणून दाखवत होतो! अकराव्या रात्री पाळी सुटल्यावर चायनीजच्या गाडीवर उभ्या उभ्या दोन प्लेट ट्रिपल राइस खाल्ला आणि घरी येऊन फरसाणाचं पाकीट संपवलं. पोट दुखत होतं आणि हात थांबत नव्हता. त्या रात्री मला स्वतःची किळस आली. तुला सांगितलं नव्हतं.

मग कळलं की हे माझं एकट्याचं नव्हतं. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमारीतून आलेल्या माणसांना पुन्हा जेवतं कसं करायचं, हे शिकण्यासाठी. तरुण स्वतःहून आलेले, युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले, म्हणजे निर्धारात कच्चे नव्हेत. रोज साधारण १५७० कॅलरी. थोड्याच दिवसांत ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटं चाटायला लागले. पुढे पोटभर मिळायला लागलं तरी कित्येकांचं समाधान होईना. मी तर बाराशेवर होतो, आणि दोष देत होतो माझ्या जिभेला.

मग मी आकडा वाढवला. डॉक्टरांशी बोलून अठराशेच्या आसपास आणला, म्हणजे खर्चापेक्षा चारेकशे कमी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, तेव्हा वजन सावकाशच उतरणार. सात महिन्यांत नऊ किलो उतरलं. मधले सणवार, लग्नं, तुझ्याकडची आमरसाची पंगत, सगळं त्यातच.

भुकेबद्दल तीन गोष्टी मला नव्याने कळल्या.

एक, भूक घड्याळ बघून येते. घ्रेलिन नावाचं संप्रेरक जठरातून सुटतं आणि भूक चाळवतं, हे १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. नेहमीच्या जेवणाच्या वेळा जवळ आल्या की ते वाढतं, आणि गंमत म्हणजे वेळ टळून गेली की काही न खाताही उतरतं. मला वाटायचं भूक चढतच जाते, शेवटी चक्कर येऊन पडतो. साडेचारला पोटात कावळे कोकलायचे कारण साडेचारला रोज वडा मिळायचा. आता साडेचारला मूठभर उकडलेले हरभरे खातो. पहिले दहा दिवस कावळ्यांनी तक्रार केली, मग तेही हरभऱ्यावर रुळले.

दोन, पोट कॅलरी मोजत नाही. १९९५ साली सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थांची तुलना झाली, प्रत्येकाचा तेवढ्याच कॅलरींचा वाटा देऊन. साध्या पावाला १०० गुण धरले तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ आणि लोण्याच्या क्रोसाँला ४७. म्हणजे आपण उगीच बदनाम केलेला बटाटा बिचारा निर्दोष, त्याला पिठात बुडवून तळणारे आपण दोषी. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी, आणि ते पोटाला कळतही नाही. तेवढ्यात वाटीभर उसळ येते, ती चावावी लागते, पोटात बसते. माझा डबा आता दोन भाकऱ्या, मटकी किंवा हुलगे, काकडी आणि ताक. गेल्या महिन्यात हुलग्याचं माडगं केलं. दुष्काळातलं म्हणून आजी ते नंतर कधी करायची नाही. मी आठला प्यालो तर अकरापर्यंत भुकेची आठवण झाली नाही.

तीन, झोप. २००४ साली शिकागोत १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं. माझी रात्री साडेअकराची भूक बहुतेक वेळा झोपच असते. तिला फरसाण दिलं की ती फसते, पण समाधानी होत नाही.

ऑफिसात डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा एक पंथ आहे, दिवसात दोनदा, पंचावन्न मिनिटांत जेवण उरकणारा. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, थोडं थोडं दर दोन-तीन तासांनी खाणारा. जेवणाच्या सुट्टीत दोघांची जुंपते. मी कुठल्याच पंथात नाही. माझ्या जवळच्या दोघांना दोन वेगवेगळ्या पद्धती लागू पडल्या, आणि दोघांमध्ये सारखं एवढंच होतं की पुढचं जेवण कधी, हे दोघांनाही आधी माहीत होतं.

तिथेच मला आजीचं उत्तर सापडलं, ताई. ऑफिसातल्या माझ्या कपाटाच्या खणात एक डबी असते, फुटाण्यांची. सगळं हाताबाहेर गेलं तर खायची म्हणून ठेवलेली. सात महिन्यांत ती मी चार-पाच वेळा उघडली असेल. पण एकदा घरी विसरलो, तर त्या दिवशी दुपारी तीनलाच जीव कासावीस झाला. जेवण तेच, वेळ तीच. फक्त खणात डबी नव्हती.

आजीची भूक पावसावर होती, मुकादमाच्या हजेरीवर होती, उद्या काम निघतंय की नाही यावर होती. माझी माझ्या हातात आहे. माझी भूक तिच्या पासंगालाही पुरत नाही, आणि मी जर कधी माझ्या डाएटला तपश्चर्या म्हणालो तर खुशाल कान धर. पण पुढचा घास ठरलेला असला की आत्ताची भूक सोसते, एवढं तिला पक्कं कळलं होतं. ती चतकोर खायला नव्हतीच. ती होती म्हणून तिला रात्री झोप लागायची.

म्हणून होळीच्या तुझ्या वाक्याला माझं उत्तर असं, की ती दुसरी पोळी मी नाकारली नव्हती. आईला म्हटलं असतं की सकाळसाठी झाकून ठेव, तर तिला वाईट वाटलं नसतं. मला तेवढं बोलता आलं नाही, ही चूक माझी. यापुढे "नको" म्हणणार नाही, "ठेव" म्हणेन.

आणि तू गुरुवारचं रद्द कर. डॉक्टरांकडे जाऊन ये, काय म्हणाले ते कळव. सकाळची न्याहारी तशीच राहू दे, चहातली साखर आणि कालवणावरचा तेलाचा तवंग तेवढा कमी कर. तुझ्यापुरतं सध्या तेवढं पुरे.

येणाऱ्या कुणाबरोबर किलोभर हुलग्याचं पीठ पाठव. इथे मिळतं, पण जात्यावरच्यासारखं जाडसर मिळत नाही. पिठात मीठ आधी घालायचं की उकळी आल्यावर, तेही लिहून पाठव. आईला विचारलं असतं, पण ती म्हणेल, "माडगं कसलं पितोस, नीट जेव."

सर्वांस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा