सक्तीची रजा

“तुमच्या बँकेत सगळ्यात कमी रजा घेणारा माणूस कोण?”

पुण्यातल्या प्रशिक्षणवर्गात पहिल्याच सत्रात हा प्रश्न आला आणि आम्ही हौसेने नावं सांगितली. विषय होता ऑपरेशनल रिस्क, आणि बसलेले बहुतेक जण सहकारी बँकांतले अधिकारी. मी नानांचं नाव सांगितलं. नाना आमच्या मुख्य शाखेत क्लिअरिंग आणि खात्यांची जुळवणी बघतात. आई दवाखान्यात असतानाही दुपारी कामावर हजर झालेला हा माणूस, हेही मी अभिमानाने सांगून टाकलं. प्रशिक्षक सर आयुष्यभर बँकांची तपासणी करून निवृत्त झालेले. त्यांनी सगळी नावं फळ्यावर लिहिली आणि शेजारी वेगळीच नावं लिहायला सुरुवात केली.

पहिलं नाव बेअरिंग्ज. १७६२ साली स्थापन झालेली ही लंडनची बँक १९९५च्या फेब्रुवारीत बुडाली. सिंगापूरच्या कार्यालयात निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांच्या हिशोबावर देखरेखही त्याचीच होती. तोटा तो ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडवत गेला. तो आकडा ८२ कोटी पौंडांच्या पुढे गेला आणि अखेर ती बँक एका पौंडाला विकली गेली. मग फ्रान्सची सोसिएते जनराल. तिथल्या जेरोम केर्विएलने २००७ साली अवघे चार दिवस रजा घेतली होती. पुढच्या जानेवारीत त्याच्या लपवलेल्या सौद्यांपायी बँकेला ४९० कोटी युरोंचा तोटा जाहीर करावा लागला. रजेवर गेलं की दुसरा माणूस खुर्चीत बसतो, कागद उघडतो, प्रश्न विचारतो. ज्याला काही लपवायचं आहे त्याला हेच परवडत नाही.

मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेचं नाव आलं तेव्हा वर्गात कुणी हललं नाही. पंजाब नॅशनल बँकेचं ते प्रकरण आमच्यापैकी बहुतेकांनी नोकरीत असताना वाचलेलं. खोट्या हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशयंत्रणेवरून परदेशी बँकांना जात होते. स्विफ्ट आणि कोअर बँकिंग एकमेकांना जोडलेले नसल्याने त्यांची नोंद बँकेच्या हिशोबात उमटत नव्हती. एकच अधिकारी त्या कामावर वर्षानुवर्षं राहिला. तो निवृत्त झाल्यावर त्या जागी आलेल्याने हमीपत्रासाठी पूर्ण रोख तारण मागितलं आणि २०१८च्या सुरुवातीला सगळं उघड्यावर आलं. एका माणसाने नेहमीचा नियम विचारला, एवढंच निमित्त.

व्याख्या, तक्ते, लाल-पिवळे-हिरवे चौकोन हे सगळं पुढच्या सत्रांत झालं. बँकांसाठी आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बाझल समितीने ऑपरेशनल रिस्कची चार मुळं सांगितली आहेत: कामाची पद्धत, माणसं, यंत्रणा आणि बाहेरची घटना. शेवटच्या दोहोंसाठी आम्हाला लांब जावं लागलं नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईतल्या शाखांत काय झालं, हे वर्गातल्या दोघांनी स्वतः पाहिलं होतं. आणि पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर २०१८च्या ऑगस्टमध्ये झालेला सायबर हल्ला तर आम्हा सहकारी बँकवाल्यांना अजून झोपू देत नाही. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारा खोटा स्विच मध्ये उभा केला गेला आणि २८ देशांतून पैसे निघाले. त्या हल्ल्यात एकूण ९४ कोटी गेले.

माझ्या मनात मात्र फळ्यावरचं नानांचं नाव घोळत राहिलं. संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून किमान १० कामाचे दिवस सलग, आधी न कळवता रजेवर पाठवावं आणि त्या काळात त्याला कामाला हात लावू देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे २०२१चे निर्देश सरांनी वाचून दाखवले. आमच्याकडे रजा म्हणजे माणसाची खासगी बाब समजतात. मला ते चुकीचं वाटतं. जी जबाबदारी सांभाळणाऱ्याला उसंत नाही, ती संस्थेने नीट सांभाळलेलीच नाही.

परतल्यावर व्यवस्थापनाला टिपण दिलं आणि पहिल्या यादीत नाना आले. त्यांचा चेहरा उतरला.

“मॅडम, माझ्यावर संशय आहे का?”

“नाना, तुम्ही नसताना पै-पै जुळली तर तुमच्या कामाला याहून मोठा दाखला कोणता? उद्या कुणी बोट दाखवलं तर बँकेचा कागदच उत्तर देईल.”

ते काही बोलले नाहीत. चाव्या देऊन गेले.

हिशोब पै-पै जुळला. पण रजेच्या तिसऱ्या दिवशी न वटलेले चेक परत पाठवण्याची वेळ जवळ आली आणि कोणता चेक कुठल्या क्रमाने काढायचा, हे टेबलावरच्या कुणालाच सांगता येईना. ती वेळ चुकली तर चेक वटल्याचं धरतात आणि रक्कम बँकेच्या अंगावर येते. नानांना फोन लावायला दोघांचे हात गेले. मी लावू दिला नाही. वेळ संपायला थोडा अवधी असताना शेवटचा चेक गेला. नुकसान काहीच झालं नाही, तरी मी जोखीम-नोंदवहीत ती घटना लिहायला लावली. “तोटा शून्य, मग नोंद कशाला?” असं शाखाधिकाऱ्यांनी विचारलं. पुढच्या वेळी तो शून्य राहीलच असं नाही, म्हणून.

नाना परत आले, नोंद वाचली आणि दोन तरुण क्लार्कना शेजारी बसवून अख्खी पद्धत कागदावर उतरवली. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं आहे: जोडसुट्टीनंतरच्या दिवशी चेकचा गठ्ठा नेहमीपेक्षा मोठा येतो, सिस्टीम सावकाश चालते, त्या दिवशी परतीचे चेक जेवणाच्या सुट्टीआधी वेगळे काढावेत. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.