नळीला आटे पाडून मिळतील?

गेल्या रविवारी सकाळी ओहायोहून चुलतभावाचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "काय रे, आपल्या एमआयडीसीत नळीच्या तोंडाला आटे पाडायचे किती घेतात?"

म्हटलं, "दादा, कसली नळी?"

"पिस्तुलाची."

हातातला चहा हिंदकळला. वीस वर्षं क्राइमच्या बातम्या करतोय, पण घरातून असा प्रश्न पहिल्यांदाच!

झालंय असं, की दादाकडे रुगर कंपनीचं जुनं 'मार्क टू' पिस्तूल आहे. पॉइंट टू-टूचं, रिमफायर. म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेवर ठोका बसून बार उडतो. १९८२ ला आलेलं मॉडेल. २००४ मध्ये 'मार्क थ्री' आलं आणि हे बंद पडलं. रेंजवर जाऊन जाऊन दादाच्या कानात आता सतत शिट्टी वाजते. म्हणून त्याला आवाज कमी करणारं नळकांडं लावायचंय. (सिनेमात दाखवतात तसा आवाज गायब होत नाही, फक्त कमी होतो.) त्यासाठी नळीला आटे हवेत आणि जुन्या पिस्तुलाला ते नाहीत.

बरं, नुसती नळी बदलणं सोपं नाही. या पिस्तुलात नळी रिसीव्हरमध्ये घट्ट पिळून बसवलेली असते, आणि नंबर असतो त्या रिसीव्हरवर. तिथल्या कायद्याने तो तुकडा म्हणजेच बंदूक. आटेवाली नळी बसवलेला नवा रिसीव्हर घ्यायचा तर परवानाधारक दुकानातून, चौकशी होऊन. नाहीतर आहे त्याच नळीला परवानाधारक कारागिराकडून आटे पाडून घ्यायचे. तो शंभराच्या वर डॉलर मागतोय, म्हणून दादाला आपल्या लेथवाल्यांची आठवण झाली!

आणखी गंमत म्हणजे त्या नळकांड्यासाठी बोटांचे ठसे, फोटो, केंद्र सरकारकडे नोंदणी. १९३४ पासून वर २०० डॉलर कर होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. नोंदणी मात्र आहेच. शिवाय कॅलिफोर्नियात मॅगझिनवाल्या पिस्तुलाला आटे असले की ते थेट 'असॉल्ट वेपन'. देश एक, पण राज्य बदललं की गुन्हा बदलतो.

मी हसलो, फोन ठेवला. आणि मग एक चेहरा आठवला.

तीन-चार वर्षांपूर्वी आपल्याकडे एका लेथवाल्याला उचललं होतं. त्याचं म्हणणं होतं, गिऱ्हाइकाने पाइप आणला, मी आटे पाडून दिले. मी बातमी काय केली? 'शस्त्रांचा कारखाना उद्ध्वस्त'. कारखाना कसला, पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ! प्रेसनोट आली तशी छापली. त्याच्या घरी गेलो नाही, वकिलाला फोन केला नाही. जामीन मिळेपर्यंत शेडला कुलूप लागलं होतं. तो खरं बोलत होता की खोटं, ते कोर्ट ठरवेल. पण मी विचारलंच नाही, हे माझ्या खात्यावर आहे.

आपला शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्यात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. विनापरवाना बनवणं, दुरुस्त करणं, बदल करणं, सगळं कलम २५ मध्ये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. कायदा कडक आहे, असावाच. अमेरिकेसारखं घरोघरी पिस्तूल मला नकोय. पण हा कायदा लेथवर उभ्या असलेल्या पोराला कुणी सांगितलाय का? आयटीआयमध्ये? एमआयडीसीच्या एखाद्या बैठकीत?

तर लेथवाल्या मित्रांनो, कुणी जाड नळी घेऊन आला आणि कशासाठी ते नीट सांगत नसेल, तर काम घेऊ नका. संशय आला तर पोलिसांना कळवा. दोनशे रुपयांच्या कामासाठी सात वर्षं घालवू नका.

आणि माझ्यासाठी एकच. पुढच्या प्रेसनोटला आधी दोन फोन, मग बातमी.

दादाला सांगितलंय, पिस्तूल तिकडेच ठेव, येताना फक्त कान तपासायला ये.