जुनी पैठणी आणि नवा दिवाणखाना

जुन्या साड्यांच्या उशा व पडदे करून दिवाणखाना सजविण्याची सध्यां टूम आहे. आमच्या सूनबाईनें त्यासाठीं आमच्या सासूबाईंची १९५२ सालच्या लग्नांतील येवल्याची नऊवारी पैठणी मागितली, आणि घरांत दोन पक्ष पडले.

पैठणीचा पदर धाग्यांत धागा गुंतवून हातानें विणलेला असतो. म्हणून तो दोन्ही बाजूंनीं सारखाच दिसतो. कात्री लागली कीं तें विणकाम पुन्हां जुळत नाहीं. परंतु पेटींतली पैठणी तरी कोठें सुरक्षित? वर्षानुवर्षें एकाच घडीवर ठेवलेलें रेशीम त्याच घडीवर चिरतें. आमचीही एके ठिकाणीं विरूं लागली होती.

तेव्हां आम्ही निवाडा केला: फाटक्या लुगड्यांच्या उशा खुशाल कराव्या, नेसण्याजोगी पैठणी मात्र मलमलींत गुंडाळावी, अधूनमधून घडी बदलावी आणि हळदीकुंकवास नेसावी. यंदां संक्रांतीस सूनबाईच ती नेसली. उशांचा विषय तिनें पुन्हां काढला नाहीं.