राखून तोडणं

आपल्याकडे बांधण्याला मुहूर्त असतो. भूमिपूजन होतं, चौकट बसवताना नारळ फुटतो, स्लॅब पडला की कामगारांना पेढे मिळतात, वास्तुशांतीला गोतावळा जेवतो. तोडण्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. चार माणसं आणि एक ब्रेकर आणला की झालं, असं आपण धरून चालतो. पुण्यातल्या आमच्या अंगणातला कोबा काढायला निघालो, तेव्हा तोडणं हीसुद्धा किती जपून करायची गोष्ट आहे ते मला दिसलं.

अंगणाच्या कडेला आंबा आहे. गाडी लावायची सोय म्हणून घातलेला कोबा त्याच्या बुंध्याला भिडला होता. शेंड्याकडची पानं बारीक येऊ लागली, मोहर विरळ झाला. मुळांनाही हवा लागते. माती झाकली की हवा आणि पाणी दोन्ही तुटतं. 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, ते याचसाठी.

दर सांगायला आलेल्यांनी फाटकातूनच अंगणाकडे नजर टाकून आकडा दिला. एका मुकादमाने मात्र पैशाचा विषयच काढला नाही. हातोडीने ठोकत तो अंगणभर फिरला. बद्द आवाज आला तिथे थांबून म्हणाला, "काकू, इथं खालची माती बसलीय." मग एकेक विचारत गेला. नळाची लाइन कुठून गेलीय, ड्रेनेजचं चेंबर कुठं आहे, अर्थिंग कुठं पुरलंय, कंपाउंडचा पाया किती खोल आहे. शेवटी बुंध्यावर हात ठेवून त्याने सांगितलं, "इथं मशीन नाही लावायचं. छन्नीनं काढू." त्याच्या घरात दगडाचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. दगडाला शीर असते, ती सापडली की घाव वाया जात नाही. काँक्रीटला शीर नसते, म्हणून ते कुठवर फुटू द्यायचं हे आधी ठरवावं लागतं, असं त्याचं म्हणणं. काम त्यालाच दिलं.

हिशेबही त्याने समोर बसून समजावला. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. दोनशे चौरस फूट कोबा सहा इंच जाडीचा असेल, तर तो बरोबर एक ब्रास भरतो आणि वजन पावणेसात टनांच्या घरात जातं. फुटल्यावर तुकड्यांत पोकळी राहते, ढीग आणखी फुगतो. तो उचलून योग्य जागी नेणं हा मोठा खर्च, आणि स्वस्त दर बहुतेक इथेच साधला जातो. रात्रीत गाडी नदीकाठी रिकामी होते. मुळा-मुठेचे काठ अशाच भरावाने बुजत आले आहेत. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनी राडारोड्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. म्हणजे घरमालकाला हात झटकता येत नाहीत. पुण्याचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे. आमच्या गाड्या कुठे जाणार, हे त्याने मी विचारायच्या आधीच सांगितलं होतं.

काम सुरू झालं ते कटरने. भिंतीलगत सरळ काप घेतला, म्हणजे हादरा त्या रेषेपाशी अडतो. मग ब्रेकर लागला. एक जण सतत पाणी मारत होता. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ती श्वासातून जात राहिली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ब्रेकर धरणारा मुलगा जेमतेम विशीतला. त्याच्या तोंडाला मास्क होता, कान झाकलेले होते. काम उक्तं दिलं म्हणून त्या मुलाच्या फुफ्फुसांशी आपला संबंध संपत नाही, हे मला मनापासून वाटतं.

बुंध्याजवळ मुकादम स्वतः उकिडवा बसला. छन्नी तिरकी धरून हलके घाव. तुकडा सुटला की लगेच उचलायचा नाही. आधी बोटं खाली घालून चाचपायचं. कोब्याच्या पोटाला चिकटून मुळं आडवी पसरली होती, ओलावा शोधत जिथे फट मिळेल तिथे वळलेली. एकेक मूळ मातीतून सैल करून तो मगच पहार लावायचा. उघडी पडलेली मुळं त्याने ओल्या गोणपाटाने झाकली आणि ऊन चढायच्या आत त्यांवर माती लोटली.

आता कुणी कंत्राटदार कसा निवडायचा असं विचारलं, तर मी सांगते, दर शेवटी विचारा. आधी त्याला आवारात एक फेरी मारू द्या आणि तो काय विचारतो ते ऐका. जमिनीखाली काय आहे, शेजारी काय उभं आहे, माल कुठे जाणार, माणसं कशी राखणार, हे ज्याला पहिल्यांदा सुचतं, त्याच्या हातात घण द्यावा. त्याचे चार पैसे जास्त झाले तरी ते कष्टाचे आणि शहाणपणाचे आहेत. घासाघीस न करता द्यावेत.