काळोखातील आमिष

चिखलदरा,
पौष वद्य द्वितीया

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पावले. ओहायोतील ॲक्रनच्या आसपासच्या सरोवरांवर उन्हाळ्याच्या रात्री जागून तू बास मासा कसा पकडतोस, त्यासाठी कोणकोणती लाकडी आणि रबरी आमिषे पेटीत बाळगतोस, आणि मुलांच्या शाळेला सुटी लागताच जूनमध्ये तीच पेटी घेऊन इकडे यावे व मेळघाटातल्या एखाद्या डोहावर रात्र काढावी असा जो बेत तू मनाशी आखला आहेस, तो सर्व मजकूर मी लक्षपूर्वक वाचला. कोणते आमिष आणावे आणि कोणती वेळ साधावी, एवढीच पृच्छा तू केली आहेस. परंतु हे दोन प्रश्न एकमेकांत असे गुंतले आहेत की एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून देता येत नाही, आणि सेवानिवृत्तीनंतर या थंड पठारावर मला सवडीची ददात नसल्यामुळे ते आटोपशीर देण्याची गरजही नाही.

प्रथम जागेचा निवाडा करू. सिपना, खंडू, खापरा, गडगा आणि डोलार या ज्या नद्यांची नावे तू बालपणापासून ऐकत आलास, त्या तापीला मिळण्यापूर्वी ज्या अरण्यातून वाहतात त्याला 1974 साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेव्हा तेथील डोहांत गळ टाकण्यास मनाई आहे, आणि रात्री तेथे पाऊल ठेवण्याची तर बातच नको. ही मनाई सरकारी आडमुठेपणा आहे असे समजू नकोस. फाल्गुन-चैत्रात प्रवाह तुटतो आणि नदी म्हणजे डोहांची माळ तेवढी उरते. पावसाळ्यापर्यंत तगून राहण्यासाठी मासळीला तेवढाच आसरा असतो, आणि तहानलेल्या वाघ-अस्वलांनाही तोच पाणवठा असतो. सबब आपण घाट उतरावा हे बरे. परतवाड्याच्या बाजूस सापन आणि चंद्रभागा, अंजनगावाकडे शहानूर, आणि थोडे लांब जाण्याची तयारी असेल तर मोर्शीजवळ सिंभोऱ्याचा, नल-दमयंती सागर या नावाने ओळखला जाणारा अप्पर वर्धा जलाशय, असे पर्याय आहेत. अशा जलाशयांतील मासेमारीचा ठेका साधारणतः मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. म्हणून संस्थेची मुभा, पाटबंधारे खात्याची परवानगी आणि ज्यांची जाळी रात्रभर पाण्यात असतात त्या भोई मंडळींशी आधी झालेले बोलणे, या तीन गोष्टींवाचून तू दोरी भिजवावीस हे मला मान्य होणार नाही. काळोखात त्यांच्या जाळ्यात तुझा गळ अडकला, तर नुकसान त्यांचे होईल आणि आपण केवळ हौसेचे धनी ठरू.

आता तुझ्या बासविषयी. रात्री काळे आमिष उत्तम चालते हा तुझा अनुभव वरवर विपरीत वाटला तरी सयुक्तिक आहे. मंद प्रकाशात माशाच्या डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी निकामी होतात आणि केवळ उजेड-अंधार जाणणाऱ्या पेशी काम करतात. त्यामुळे दिवसा उपयोगी पडणारे लाल, हिरवे, रुपेरी भेद रात्री लय पावतात, आणि खालून वर पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या फिकट पार्श्वभूमीवर काळ्या वस्तूची आकृतीच तेवढी ठळक दिसते. त्याहून महत्त्वाची त्याची पार्श्वरेखा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत दोन्ही अंगांवर गेलेल्या या सूक्ष्म संवेदनमार्गाने जवळपासच्या पाण्याचा प्रत्येक धक्का त्याला कळतो. तुझ्याच गावी फ्रेड आर्बोगास्ट यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस काढलेले जिटरबग हे आमिष आजही रात्रीच्या गळवाल्यांचे लाडके आहे. त्याच्या तोंडाशी बसवलेला धातूचा रुंद पत्रा पाणी डावीकडे-उजवीकडे एकाच तालात लोटत राहतो, आणि तो ताल अखंड असल्यामुळे आंधळ्या काळोखातही माशाला पुढचा ठोका कोठे पडेल याचा अदमास बांधता येतो. म्हणूनच रात्री आमिष संथ आणि एका लयीत ओढावे, मध्येच थबकवू नये, असा तुमच्याकडील जाणत्यांचा दंडक आहे.

येथवर तुझे शास्त्र निर्दोष आहे. अडचण पुढेच येते. बास आमच्या धरणांत नाही. त्याच्या जागी दबा धरून बसणारा, शेवाळाच्या आणि पाणवनस्पतींच्या आडोशाने राहणारा, बेडकावर झडप घालणारा मासा म्हणशील तर तो मरळ होय, आणि हे साम्य पाहून तू तिलाच रात्री गाठायला निघशील हे मी जाणून आहे. पण मरळीच्या नादी लागलेल्यांना विचारशील तर ते पहाटेचे आणि तिन्हीसांजेचे नाव घेतील, मध्यरात्रीचे नव्हे. पहाटेच्या पसंतीचे एक कारण मला पाण्यातच दिसते. वनस्पतींनी भरलेल्या उथळ पाण्यात दिवसभर प्राणवायू निर्माण होतो, रात्रभर तो नुसता खर्ची पडतो, आणि सूर्योदयाच्या आधीच्या प्रहरात त्याची शिल्लक सर्वांत कमी असते. अशा वेळी इतर मासळी मलूल होते. मरळ मात्र कल्ल्यांवरील विशेष अवयवाच्या साहाय्याने पृष्ठभागी येऊन हवा घेते, म्हणून इतरांच्या टंचाईच्या काळात तिचा अंमल चालतो, असा माझा तर्क आहे. तेव्हा तुझ्या पेटीतला रबरी बेडूक अवश्य आण. पण तो रात्री बाहेर काढू नकोस, झुंजुमुंजू होताना काढ.

आमच्या रात्रीचे खरे मालक निराळेच आहेत: शिवडा आणि शिंगाळा. हे बिनखवल्यांचे, मिशीवाले मासे गढूळ पाण्यात आणि काळोखात वावरण्यासाठीच घडलेले आहेत, आणि त्यांच्यापुढे तुझ्या रंगीत पेटीची मातब्बरी फारशी नाही. त्यांच्या मिशांवर आणि बऱ्याचशा कातडीवरही रुचिकलिका पसरलेल्या असतात, म्हणजे जे आपण जिभेने चाखतो ते हे प्राणी अंगाने चाखतात. सजीवाच्या देहातून उत्पन्न होणारा अतिक्षीण विद्युत्प्रवाहही त्यांना जाणवतो. आणि वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 1820 साली वर्णन केलेली सूक्ष्म अस्थींची साखळी त्यांच्या हवेच्या पिशवीला अंतःकर्णाशी जोडत असल्यामुळे त्यांचे श्रवण तुझ्या बासपेक्षा फार तीक्ष्ण असते. यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ज्याला वास आणि चव नाही असे आमिष त्यांच्यापुढे निम्मे मुकेच ठरते. ताजी लहान मासळी, झिंगा किंवा गांडुळांचा जुडगा यांना येथे पर्याय नाही. दुसरा असा की, तुझ्या पोकळ आमिषात खुळखुळणाऱ्या ज्या गोळ्या बासला जेमतेम ऐकू जातात, तो त्यांच्या लेखी गलबला होय. आणि काठावरच्या खडकावर आपटलेला तुझा बूटही त्यांच्या दरबारी तत्काळ रुजू होतो. रोहू-कटल्याची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्यासाठी ज्वारीचे पीठ आणि सरकीची ढेप मळून केलेला गोळा पुरतो, आणि त्या उद्योगाला जागरणाची आवश्यकता नाही.

माशामागे आमिष बदलावे, हा विचार मी नव्याने सांगतो आहे असे मानू नकोस. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ नावाचा जो संस्कृत कोशग्रंथ रचला, त्यात ‘मत्स्यविनोद’ या नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात माशांचे खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे भेद केले आहेत, कोणत्या माशाला कोणते अन्न घालून ठरावीक जागी यायला लावावे याचा तपशील दिला आहे, आणि काठी, दोरी व गळ यांचीही चर्चा आहे. ज्याला आपण शिवडा म्हणतो तो पाठीन, आणि रोहू तो रोहित, हे दोघेही त्या राजाच्या यादीत हजर आहेत. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणाचा परामर्श घेऊन ते आधुनिक अभ्यासकांच्या नजरेस आणले. राज्यकारभाराच्या धकाधकीत ज्या नृपतीने माशांच्या खाद्याची नोंद ठेवली, त्याच्यापुढे आपल्या पेटीचा डौल मिरवताना थोडा संकोच असावा.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि येथे तुझा बेत मला मोडावाच लागतो. तुमचा जून म्हणजे आमचा मृग. पाणी चढते, गढुळते, आणि मासळी अंडी घालण्याच्या तयारीला लागते. रोहू-कटला पुराच्या पाण्यात वीण करतात, आणि मरळ आपल्या तांबूस पिल्लांचा पुंजका पृष्ठभागी घेऊन त्याच्याभोवती पहारा देते. त्या पुंजक्याशेजारी टाकलेल्या आमिषावर ती भुकेने येत नाही, संरक्षणासाठी येते. तिला उचलले की सारा पुंजका घटकाभरात इतरांच्या पोटात जातो. तुमच्या बासचा नरही वसंतात घरट्यावर असाच उभा असतो, म्हणून हे तुला निराळे समजावून सांगायला नको. तेव्हा जूनचा नाद सोड आणि फाल्गुनात ये. त्या सुमारास पाणी निवळलेले असते, थंडीने मंदावलेली मासळी पुन्हा हिंडू लागते, आणि वीण अद्याप दूर असते.

फाल्गुनातही कोणती रात्र, ते सांगतो. पौर्णिमा बरी की अमावास्या, हा वाद तुमच्याकडे जसा चालतो तसा इकडेही चालतो; माझा कौल दोहोंनाही नाही. पाण्यातले अतिसूक्ष्म जीव दिवसा खोल दडतात आणि अंधार पडताच चरण्यासाठी वर येतात; चांदणे असले तर ते वर यायला कचरतात. मोझांबिकमधील काहोरा बासा या विशाल जलाशयात ग्लिविच या पोलिश शास्त्रज्ञाला असे आढळले, आणि 1986 साली त्याने ते प्रसिद्ध केले, की पौर्णिमेनंतरच्या रात्री सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामध्ये जो काळोखाचा अवकाश पडतो त्यात हे जीव निर्धास्तपणे वर येतात, आणि मग एकाएकी चंद्र उगवला की उघडे पडून लहान मासळीच्या तोंडी सापडतात. चंद्राने लावलेला हा सापळाच. जेथे लहान मासळी जमते तेथे मोठी येणारच, हा माझा तर्क; पण तो बिनबुडाचा नाही. आता हा काळोखाचा अवकाश केव्हा मिळेल ते शोधण्यासाठी तुला यंत्राची गरज नाही, कारण तुझ्या काकूला तो पाठ आहे: संकष्टीला चंद्रोदय किती वाजता होतो हे उपवास करणाऱ्या मराठी घरात कोणीही सांगेल, आणि तो सूर्यास्तानंतर साधारण दोन-तीन तासांनी होतो. फाल्गुन वद्य चतुर्थी ही होळीनंतर चौथ्या दिवशी, रंगपंचमीच्या आदल्या दिवशी येते. होळीला तू येथे पोहोचलास तर कोरकू वाड्यांवरचा त्यांचा सर्वांत मोठा सण पाहशील, मधल्या दिवसांत परवानगीचे काम उरकू, आणि त्या संध्याकाळी सापनच्या काठी चंद्रोदयाआधी अर्धा तास गळ पाण्यात असतील असे पाहू.

एवढ्या विवेचनाचे सार मागशील तर ते असे: आधी मासा ठरवावा, मग त्याचे इंद्रिय, मग घटका, आणि सर्वांत शेवटी आमिष. तुझ्या पत्रात हा क्रम नेमका उलटा लागला होता, आणि त्याचा दोष तुझ्याकडे नाही. दुकानात आमिषच तेवढे विकत मिळते. म्हणून पेटीतून रबरी बेडूक, काळे जिटरबग आणि काटा नसलेले मजबूत गळ एवढेच घे. लहान शिवडा लागला तर त्याला इजा न करता सोडता यावे यासाठी गळ तसेच हवेत. डोक्याला बांधण्याचा एक मंद लाल दिवा आण. बाकी सारे येथील भोई मंडळी देतील, आणि गांडुळे कोठे खणावीत हे त्यांना आपल्याहून चांगले ठाऊक आहे.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका

ता. क. विमानाची तारीख ठरताच उलट टपाली कळव. संस्थेकडे आणि पाटबंधारे खात्याकडे अर्ज तुझ्या नावानेच करावे लागतील, आणि परवाने हाती आल्याशिवाय मी तुला घाट उतरू देणार नाही.