पडदा

अम्मीला आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, डायलिसिससाठी औशाहून लातूरला न्यावं लागतं. अंतर वीसेक किलोमीटरचं. पण परतताना तिला बसमध्ये बसवत नाही, म्हणून अब्बांची १९९६ सालची गाडी आम्ही ठेवली आहे. आम्ही दोघंही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घराचेच हप्ते फिटायचे आहेत, तिथे नवी गाडी कुठली!

मे महिन्यात ही गाडी रस्त्यात बंद पडू लागली. अब्बा उन्हाळ्यात इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे. उष्म्यानं पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही, गार झाला की गाडी चालू. आम्हीही तेच केलं. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा नाही. अम्मी मागे बसून तसबीह फिरवत होती. तिला दिवसाचं पाणी मोजून द्यावं लागतं. तिच्यासाठी नेलेलं तेवढंसं पाणी आम्ही पंपावर ओतून बसलो होतो. पाऊण तास ती एक शब्द बोलली नाही.

गॅरेजवाल्यानं आठ दिवस सांगितले. तिथे काम करणारा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. "जुमा को छुट्टी है, घर पे करके देतूं," तो म्हणाला. दहावीत तो गणित आणि विज्ञानात नापास झाला, तेव्हा त्याच्या वडिलांना 'याला कामाला लावा' असं आम्हीच सांगितलं होतं. नेमकं कोण बोललं यावरून आता घरात वाद होतो. दोघंही तिथे होतो, एवढं खरं.

नमाजनंतर तो आला. आधी त्यानं ऑइलची पट्टी काढून आमच्या नाकाशी धरली. पेट्रोलचा वास! पातळीही खुणेच्या वर गेलेली. आम्हाला वाटलं, ऑइल भरपूर आहे, बरंच झालं. "पानी नक्को डालो सर, परदा फटा है." पंपातला रबरी पडदा फाटला की पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये झिरपतं, ऑइल पातळ होतं आणि असंच चालवलं तर इंजिन जातं. आजच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही, असंही त्यानं सांगितलं.

तरी त्यानं खात्री केली. कॉइलची बारीक वायर काढून ठेवली, कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडला आणि सेल्फ मारायला सांगितला. पिचकाऱ्या उडायला हव्या होत्या. पडले चार थेंब. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. वाळूची बादली जवळ ठेवायला लावली. आमचा मोबाइल त्यानं स्वतः उचलून घरात नेऊन ठेवला. वर्गात आम्ही त्याच्या हातचं काढून घ्यायचो, ते आठवलं.

पाइपांवर खडूच्या खुणा आम्ही केल्या. आमच्या हातचं तेवढंच काम बिनचूक झालं. दोन बोल्ट सुटले, पंप हातात आला. चिकटलेलं जुनं पॅकिंग खरवडायला अस्रपर्यंत वेळ गेला. कचरा इंजिनात पडू नये म्हणून त्यानं भोकात स्वच्छ कापड कोंबलं होतं, आणि ते काढायची आठवण आम्हाला तीनदा दिली. नवा पंप बसवताना आम्ही एक बोल्ट पूर्ण आवळला. त्यानं सैल करायला लावला. दोन्ही आधी हातानं लावायचे, मग थोडा हा, थोडा तो. नाहीतर पंप तिरका बसतो आणि गळतो. जुनं ऑइल काढून नवं भरलं. पेट्रोलचा तडकलेला पाइपही बदलला. थोडा वेळ सेल्फ मारल्यावर गाडी चालू झाली, पण एका क्लिपपाशी ओल दिसताच त्यानं ओरडूनच बंद करायला लावली. क्लिप आवळल्यावर मग दहा मिनिटं चालवून पाहिली.

इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत असतो आणि दाब कितीतरी जास्त. ते काम घरी करायचं नाही, असं तो जाताना बजावून गेला.

पण त्याआधी, हात धुऊन चहा घेताना, त्यानं जुना पंप उघडून दाखवला. फाटका पडदा, त्याखाली स्प्रिंग, दोन झडपा: एक आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. दरवर्षी आम्ही फळ्यावर हृदय काढतो, झडपांना बाण दाखवतो. पंप उघडून कधीच दाखवला नव्हता. आम्ही तसं म्हणालो. तो नुसता हसला.

पंपाचे आणि ऑइलचे पैसे त्यानं घेतले, मजुरी घेतली नाही. दारात घुटमळला. दहावीचा फॉर्म पुन्हा भरता येतो का, त्यानं विचारलं. दहावी पास असल्याशिवाय आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडना प्रवेश मिळत नाही. "सायन्स निकलेगा क्या मॅडम?"

सोमवारी अम्मीला घेऊन गेलो आणि आलो. पाण्याची बाटली तिच्याच मांडीवर होती. आता तो शुक्रवारी मगरिबनंतर येतो. बीजगणितात अजून अडखळतो.